पहाऱ्यावरचा मासा

टाकीची काच तडकली असं वाटून तो टॉवेल घेऊन धावला. तडकलेल्या काचेचं टॉवेलनं काय भलं होणार होतं हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. घरात काहीही फुटलं, सांडलं, पेटलं किंवा कुणी रडायला लागलं, की त्याचा हात आधी टॉवेलकडे जायचा. आवाज मात्र अगदी तसाच होता. टक्क. कोरडा, एकटा, मागे काहीही न ठेवणारा. रविवारची दुपार, जेवणं उरकलेली, पंखा कुरकुरत फिरतोय, आणि बाहेरच्या खोलीत जिथे पूर्वी कपाट होतं तिथे आता खाऱ्या पाण्यानं भरलेली काचेची पेटी. त्यानं गुडघे टेकले, चारी कडांवरून बोट फिरवलं, बोट जिभेला लावून पाहिलं. खारट नव्हतं, नुसती धूळ होती. आत पंप गुरगुरत होता, वाळू जागच्या जागी होती, दगड दगडासारखे पडले होते. मग तडकलं काय? त्याच्या छातीत धडधडत होतं आणि आपल्या वयाच्या माणसानं छातीत काही तडकलं तर कुणाला फोन करायचा, याचा तो गंभीरपणे विचार करू लागला होता, तेवढ्यात आतल्या खोलीतून बायको म्हणाली, "काच नाही हो ती. तुमचा पिस्तुल्या आहे. बिळातून बाहेर आलाय. डावीकडच्या दगडाखाली बघा."

त्यानं डावीकडे पाहिलं. दगडाखाली, सावलीत, बोटाएवढी कोळंबी वाळूचा गोळा ढकलत बाहेर येत होती. एक नांगी एवढीशी, दुसरी मुठीसारखी मोठी. कितीतरी दिवस तो चष्मा पुसून पुसून, खुर्ची ओढून, श्वास रोखून जिची वाट पाहत होता ती कोळंबी बायकोनं पलंगावर बसून, मटार सोलता सोलता शोधून दिली होती. आणि बायकोला दिसत नव्हतं. म्हणजे एका डोळ्यानं काहीच नाही आणि दुसऱ्यानं नुसता उजेड, खिडकी कुठे आहे आणि दिवस आहे की संध्याकाळ, एवढंच. "तुला कसं कळलं?" त्यानं विचारलं. "पंपाच्या बाजूनं आवाज आला असता तर घुमला असता. हा दगडातून आला," ती म्हणाली आणि शेंग मोडली. त्या शेंगेचा आवाजही त्याला ऐकू आला, आणि का कोण जाणे, हातातला टॉवेल त्याला एकदम जड वाटला. घरात बघणारा माणूस आपण आहोत ही गोष्ट त्यानं इतके दिवस गृहीत धरली होती. ती कुणी कबूल केलेली नव्हती. पण दुसरं कुणी उमेदवार नसल्यामुळे निवड बिनविरोध झाली असा त्याचा समज होता.

व्याकरणाच्या दृष्टीनं कोळंबी बाई होती. पण ती बिळात बसून नांगी वाजवते आणि बाहेर काय चाललंय याची तिला अजिबात कल्पना नसते, हे कळल्यावर बायकोनंच तिला पुरुष ठरवून पिस्तुल्या नाव ठेवलं. दुसरा रहिवासी होता पिवळा, ठिपक्यांचा, वटारलेल्या डोळ्यांचा एक मासा. त्याला दुकानदार वॉचमन म्हणायचा. या दोघांचा समुद्रात करार असतो, असं दुकानदारानं सांगितलं होतं. कोळंबीला जवळजवळ दिसतच नाही, पण ती दिवसभर खणू शकते. माशाला उत्तम दिसतं, पण त्याला घर बांधता येत नाही. म्हणून कोळंबी बीळ खणते, मासा बिळाच्या तोंडाशी पहारा देतो, आणि कोळंबी बाहेर पडली की तिची एक लांब मिशी कायम माशाच्या शेपटीवर टेकलेली असते. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो. कोळंबी आत, पाठोपाठ मासा आत. "साहेब, एक खणतो, एक बघतो," दुकानदार म्हणाला होता, "बोलणं नाही, भांडण नाही, माहेर नाही. माझ्या घरी असं असतं तर मी कशाला दुकानात येऊन बसलो असतो?" हे ऐकताना तो दुकानातल्या निळ्या उजेडात उभा होता आणि त्याच्या खिशात बायकोच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची नवी बाटली होती. त्याला त्या मिशीचंच फार वाटलं. नुसती टेकलेली मिशी. पकडलेलं नाही, ओढलेलं नाही. त्यानं त्याच संध्याकाळी टाकी सांगून टाकली.

कारण बायको त्याचा हात धरत नव्हती. रस्त्यानं जाताना तो कोपर पुढे करायचा, ती भिंतीला बोटं लावून चालायची. भिंत संपली की कुंपण, कुंपण संपलं की उभी राहायची. "अगं धर ना," तो म्हणायचा. "धरते की. पडायला लागले की धरते." यात राग नव्हता. राग असता तर त्याचं काम सोपं झालं असतं. रागावलेल्या माणसांशी बोलणं हा त्याचा पेशाच होता. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तो तक्रारी घ्यायचा. दिवसभर टेबलावरचा फोन वाजायचा. दार मिटत नाही, दार उघडत नाही, बटण दाबलं की भलत्याच मजल्यावर नेते, मधेच थांबते. एकदा एका बाईंनी आतूनच फोन केला होता. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "दार उघडलंय, पण समोर भिंत आहे." तो म्हणाला, "बघतो." तो सगळ्यांनाच 'बघतो' म्हणायचा. या शब्दात एक सोय आहे. ऐकणाऱ्याला वाटतं काम झालं, आणि बोलणाऱ्यानं अजून खुर्चीसुद्धा मागे सरकवलेली नसते. कचेरीत त्याला पाठीमागे बघतोसाहेब म्हणत. समोरही म्हणत, पण तेव्हा 'साहेब'वर जरा जास्त जोर देत. त्या बाईंना कुणीतरी बाहेर काढलं असणारच. पण हल्ली जेवताना, दाढी करताना, टाकीसमोर बसल्या बसल्या त्याला ती भिंत दिसायची, विटांच्या फटींतून सिमेंट ओघळलेली, कुणी बघणार नाही म्हणून गवंड्यानं तशीच सोडून दिलेली.

डोळे चांगले होते तेव्हा बायको दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवायचा, त्याचा रंग, त्याचा कल, शेजारच्या दाताशी त्याचं कितपत पटतंय ते बघायचं. तिच्या बोटांना मेणाचा गोडसर वास असायचा आणि लोकांकडे ती चेहऱ्याऐवजी तोंडाकडे बघत बोलायची. मग कधीतरी ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागली. बाजूला ठेवलेला कप तिला दिसेना. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात म्हणाली. "छान आहे की," तो म्हणाला. एका निवृत्त मुख्याध्यापकांना तिनं दोन्ही सुळे एकाच बाजूला बसवून दिले. मुख्याध्यापकांनी तक्रार केली नाही. त्यांनी हसणं बंद केलं. तेव्हा ती कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेली. चष्मेवाल्यानं भिंगं बदलून पाहिली, डोळ्यांत उजेड मारला आणि म्हणाला, "बिंदूचा संशय येतोय, डॉक्टरांना दाखवून घ्या." झालं. कुठला बिंदू हे तिनं विचारलं नाही, घरी आल्यावर त्यानं विचारलं नाही, आणि ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांच्यापैकी एकानंही विचारलं नाही. बिंदू म्हणजे मोतीबिंदूच. तो सगळ्यांच्या घरात होऊन गेला होता. त्याच्या आईला झाला होता, सासऱ्यांना झाला होता, कचेरीतल्या हेडक्लार्कला तर दोन्ही डोळ्यांत झाला होता आणि तो त्याविषयी पदक मिळाल्यासारखा बोलायचा. सगळ्यांचं एकमत होतं. घाई करू नका. कच्चा काढत नाहीत. पिकू दे.

म्हणून त्यांनी पिकू दिला. ती अधूनमधून म्हणायची, "अहो, कडेचं जरा जास्तच गेल्यासारखं वाटतंय," आणि तो उत्साहानं म्हणायचा, "म्हणजे पिकतोय. बघतो मी, डॉक्टरांची वेळ घेतो." घरात काहीतरी आढीत घातलंय आणि ते आपोआप तयार होतंय, आपण फक्त थांबायचं, ही कल्पना त्याच्या स्वभावाला इतकी मानवली की त्या दिवसांत तो शीळसुद्धा घालायचा. शेवटी ती चालत्या बसला हात करायच्या ऐवजी एका ट्रकला हात करून उभी राहिली, तेव्हा ते डॉक्टरकडे गेले. अंधाऱ्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी खूप वेळ तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि मग दिवा लावून त्याच्याकडे पाहिलं. "इतके दिवस काय करत होतात?" "पिकायची वाट बघत होतो," तो म्हणाला. ते ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्याच्या लक्षात राहिलं. "हा मोतीबिंदू नाही. हा काचबिंदू आहे. हा पिकत नाही. हा कडेकडेनं खात आत येतो, आणि खाल्लेलं परत देत नाही." बायकोनं फक्त विचारलं, "किती उरलंय?" एकाच शब्दाचं अर्धं अंग ऐकून दोघं फसली होती, पण डोळे तिचे गेले होते. घरी येताना रिक्षात तिनं काहीतरी म्हणायला हवं होतं. ती काहीही म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही. मध्ये एकदा फक्त भाजीवाल्यानं "ताई, टोमॅटो पिकलेले देऊ का?" असं विचारलं, तेव्हा ती नको म्हणाली आणि तो पिशवीच्या बंदांशी खेळत राहिला.

आक्काचा, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचा, रोज फोन यायचा. आक्का दुसऱ्या गावात एकटी राहायची आणि फोनवर इतक्या जोरात बोलायची की फोन नसता तरी चाललं असतं. "माझ्याकडे ये. तळमजला आहे. गल्लीच्या तोंडाशी शाळा आहे, मोठ्या माणसांची. काठी घेऊन चालायला शिकवतात, स्वयंपाक शिकवतात. तिथे बसून काय करतेस गं तू?" "मासे ऐकते," बायको म्हणाली. "आणि तुझा तो काय करतो?" "ते मासे बघतात." आक्का पलीकडे असं काहीतरी म्हणाली की बायकोनं हसत फोन कानापासून लांब धरला. "बघू गं आक्का. इथे एक लग्न जमायचंय आमच्याकडे. ते जमलं की सांगते." फोन ठेवून ती त्याच्या दिशेनं, म्हणजे तो होता त्याच्या जरा उजवीकडे, तोंड करून म्हणाली, "काय हो, पैज लावू या? त्या दोघांचं जमलं तर मी राहते. नाही जमलं तर जाते आक्काकडे. चालेल?" तो हसला. तीही हसली. त्यांच्या घरात खऱ्या गोष्टी याच पद्धतीनं बोलल्या जायच्या. हसून, उठता उठता, आणि नंतर हसणं विसरलं जायचं आणि शब्द तेवढे राहायचे.

आणि त्यांचं जमत नव्हतं. वॉचमन पंपामागच्या कोपऱ्यात बसायचा, पोटाखाली वाळू घेऊन, तोंड वाकडं करून, बदली मनासारखी न झालेल्या अधिकाऱ्यासारखा. पिस्तुल्या टाकीच्या पार दुसऱ्या टोकाला जीव तोडून खणायचा आणि खणता खणता भलत्याच बाजूनं बाहेर यायचा. त्यानं दुकानदाराला विचारून विचारून सगळं केलं. बारीक खडे आणले, बिळाला छत मिळावं म्हणून. प्लास्टिकच्या नळीतून वॉचमनला अलगद पिस्तुल्याच्या दारात सोडलं. वॉचमननं घर पाहिलं, नापसंत केलं आणि कोपऱ्यात परत गेला. "वेळ द्या साहेब," दुकानदार म्हणाला. वेळ द्या हे शब्द ऐकून त्याला रस्त्यातच घाम फुटला. कचेरीतून तो लवकर निघायला लागला. बूट न काढता टाकीपुढे बसायचा. पाण्यातून पलीकडची भिंत दिसायची, भिंतीवर हलता उजेड, काचेत त्याचं स्वतःचं तोंड, आणि त्या तोंडाच्या आतून वॉचमन त्याच्याकडे वटारून बघत असायचा. माशाला पापण्या नसतात. हा सारखा बघतो, पण कशासाठी बघतो हेच याला माहीत नाही, असं त्याच्या मनात यायचं, आणि मग ते नेमकं कुणाविषयी आलं हे ठरवायच्या आत तो उठून चहा टाकायचा. सकाळ-संध्याकाळ तो बायकोच्या डोळ्यांत थेंब घालायचा. ती खुर्चीत मान मागे टाकायची, तो खालची पापणी ओढायचा. तेवढंच तिला हात लावणं उरलं होतं. थेंब पडला की तिचा डोळा मिटायचा आणि बाहेर आलेलं पाणी तो पुसायला जायचा, पण तोवर तिनं ते स्वतःच पुसलेलं असायचं.

एका संध्याकाळी तो आला तर वॉचमन कोपऱ्यात नव्हता. आधी त्याला आनंद झाला, इतका की त्यानं तोंडावर हात ठेवला. बिळात गेला, गेला बिळात. तो खूप वेळ बिळाच्या तोंडाकडे बघत राहिला. पिस्तुल्या एकटा बाहेर आला, वाळू टाकून आत गेला, पुन्हा आला. त्याची मिशी पाण्यात इकडेतिकडे फिरत होती, कुठेच टेकत नव्हती. मग चष्मा सरकवताना त्याचं लक्ष वर गेलं. टाकीवरची जाळी एका कोपऱ्यात उचललेली होती. सकाळी खाणं घालताना आक्काचा फोन वाजला होता आणि तो जाळी तशीच ठेवून फोन द्यायला गेला होता. टाकीच्या मागे, भिंतीशी, वायरींच्या गुंत्यात वॉचमन सापडला. वाळला होता. पिवळा रंग गेला होता, ठिपके मात्र होते, डोळे उघडे होते आणि त्या डोळ्यांवर धूळ बसली होती. त्यानं त्याला वर्तमानपत्राच्या तुकड्यात घेतलं. वजनच नव्हतं. गॅलरीत जाऊन एका कुंडीतली माती बोटांनी उकरली आणि पुरलं. उठताना गुडघा वाजला.

"काय झालं हो? वाकलात कशाला?" बायको आतून म्हणाली.

पूर्वी ती त्याच्या थापा तोंड बघून ओळखायची. तुमचा वरचा ओठ दातांना चिकटतो, असं तिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं आणि तेव्हापासून या क्षेत्रातली त्याची वाढच खुंटली होती. आता तो गॅलरीच्या दारात उभा होता, नखांत माती होती, आणि आपला ओठ चिकटलाय हे त्याला स्वच्छ जाणवत होतं, आणि ते बघायला घरात कुणी नव्हतं. "अगं," तो म्हणाला, "जमलं." "काय जमलं?" "त्या दोघांचं. आत्ता बघितलं मी. दारात बसलाय वॉचमन, आणि पिस्तुल्याची मिशी त्याच्या शेपटीवर."

ती उठली. भिंतीला बोटं लावत आली, भिंत संपली तिथे थांबली. आणि मग, जणू रोजचंच आहे अशा रीतीनं, तिनं हात पुढे केला आणि त्याच्या कोपराला लावला. नुसता टेकवला. त्याच्या सबंध अंगातून काहीतरी खाली उतरत गेलं. सुख असावं, पण त्याची इतकी सवय मोडली होती की ते ताप चढल्यासारखं लागलं. "सांगा ना," ती म्हणाली. "काय करतोय?" आणि तो सांगायला लागला.

पुढचे काही आठवडे त्याच्या आयुष्यातले चांगले दिवस म्हणून धरायला हरकत नाही. वाईट इतकंच, की ते ज्याच्या जिवावर चालले होते तो कुंडीत होता. संध्याकाळी दोघं टाकीसमोर खुर्च्या लावून बसायची. तिचा हात त्याच्या कोपरावर. तो सांगायचा. आज वॉचमन जरा गुर्मीत आहे. आज त्यानं गोगलगायीला दारातून हाकललं. आज जांभई दिली, अगदी हेडक्लार्कसारखी. ती हसायची, खोदून खोदून विचारायची, आणि मधेच म्हणायची, "थांबा, पिस्तुल्या आत गेला," आणि खरंच गेलेला असायचा. ती होतं ते ऐकत होती आणि तो नव्हतं ते बघत होता, आणि दोन्ही मिळून मोठी झकास टाकी तयार होत होती. शब्द आपल्याला असे सुचतात हे त्याला माहीतच नव्हतं. सगळं आयुष्य त्यानं एका क्रियापदावर काढलं होतं. दोघं बाहेर जायला लागली. बागेपर्यंत, औषधाच्या दुकानापर्यंत. पायरी आहे, तो म्हणायचा. आता खड्डा, डावीकडून ये. तिचा हात कोपरावर हलका असायचा आणि तो छाती काढून चालायचा. आक्काच्या फोनवर ती म्हणायची, "अजून ऐकतेय गं मी." म्हणजे काय ते त्यानं विचारलं नाही.

एकदा तो दुकानात गेला होता. दुकानदाराकडे नवा वॉचमन आला होता, तसाच पिवळा, तसाच वटारलेला. "घेऊन जा साहेब, चुणचुणीत आहे. याचं नक्की जमेल." तो काचेला नाक लावून उभा राहिला. घेतला तर सगळं खरं करता आलं असतं. पण हा कोपऱ्यात जाऊन बसला तर? हा जांभई देईल का? गोगलगायीला हाकलेल? घरी जो मासा होता तो याच्यापेक्षा किती तरी चांगला होता. "बघतो," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

मग एका संध्याकाळी ती दोघं बागेतून परत येत होती. ऊन उतरलं होतं, रस्त्यावर गर्दी नव्हती. तो वॉचमनचं सांगत होता. वॉचमनला आता थोडं वय झाल्यासारखं दिसतंय, पहाऱ्यावर डुलकी लागते, मग पिस्तुल्या मिशीनं ढोसतो वगैरे. बोलता बोलता रस्त्याच्या कडेला थांबला, इकडेतिकडे पाहिलं, निदान मान तरी फिरवली, आणि म्हणाला, "मोकळा आहे, चल." तिनं पाऊल टाकलं आणि एक सायकल तिच्या पिशवीला घासून गेली. सायकलवाला ओरडला, "डोळे फुटलेत का?" पिशवीतली संत्री रस्त्यावर घरंगळली. लागलं काहीच नाही. तो वाकून संत्री गोळा करत राहिला; एक संत्रं गटाराच्या जाळीपर्यंत गेलं होतं, तेसुद्धा त्यानं आणलं. उभा राहिला तेव्हा कोपराजवळ हात नव्हता. ती एका घराच्या कुंपणाला बोटं लावून उभी होती. "लागलं का गं?" "नाही हो," ती म्हणाली. "चला." आणि घरापर्यंत ती कुंपणाकुंपणानं आली.

घरी येऊन तिनं संत्री धुतली, फडक्यावर ठेवली. त्याला वाटलं, मिटलं. तो टाकीसमोर बसला आणि खुर्ची ओढून म्हणाला, "ये, बघ आता काय करतोय..." "तो मेला त्या दिवशीच मला वास आला होता," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, दूध संपलंय म्हणावं तसा. "आधी वायरींजवळून. मग तुमच्या हाताला मातीचा आणि त्याचा."

पंप गुरगुरत होता. त्याला टॉवेल हवासा वाटला.

"मग बोलली का नाहीस?"

"इतकं छान सांगत होतात तुम्ही. एवढे शब्द तुम्ही माझ्याशी कधी बोलला होतात हो? म्हटलं, बोलू देत. मला मजा येत होती. खोटं नाही सांगत, मला रोज वाटायचं, आज काय करेल तो."

"मी दुसरा आणतो. उद्याच आणतो. दुकानात आलाय, मी बघून आलोय..."

"बघून आलात?" ती म्हणाली. "आणि आणला नाहीत?"

उत्तर होतं, पण ते त्याच्या एकुलत्या एका क्रियापदात बसत नव्हतं. तिनं एक संत्रं उचललं, अंगठ्यानं चाचपलं, एका ठिकाणी चेपलं होतं तिथे अंगठा थांबला. "माशाचं काही नाही हो. मासा नसला तर नसला. पण मासा नसताना तुम्हाला मासा दिसतो, मग सायकल असताना मोकळा रस्ता दिसणारच की. तुम्ही मुद्दाम करत नाही, मला माहितीये. तुम्हाला खरंच तसं दिसतं." आता ती त्या दुसऱ्या गोष्टीचं बोलेल, पिकण्याचं, असं वाटून त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. तिनं ते आत्तासुद्धा काढलं नाही. तिनं संत्रं सोललं, त्याच्या हातात अर्धं दिलं, आणि उरलेलं खाता खाता आक्काला फोन लावला. "अगं आक्का, ती शाळा कधी सुरू होते?" पलीकडून आक्काचा आवाज खोलीभर पसरला. तो फोड तोंडात घेऊन बसला होता. गिळायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी तो थेंबांची बाटली घेऊन आला तेव्हा तिनं हात पुढे केला. "मी घालते. आता सवय करायला हवी." तिनं मान मागे टाकली, बाटली कपाळावर टेकवून अंदाज घेतला, दाबली. थेंब भुवईवर पडला. दुसरा गालावर. तो पुढे झाला आणि थांबला. तिसरा आत गेला. तिनं डोळा मिटला आणि स्वतःशीच मान हलवली, दात नीट बसल्यावर हलवायची तशी. बॅग तिनं स्वतः भरली होती, प्रत्येक कपडा घडी करून, कडा चाचपून. तिच्या बाजूचं कपाट रिकामं झालं होतं आणि तिला ते दिसत नव्हतं, हे सगळं त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलं होतं. "अधूनमधून येत जा तिकडे," ती म्हणाली. "आक्का काही खात नाही तुम्हाला." "येतो की." "आणि जेवत जा वेळेवर. त्या टाकीसमोर बसू नका सारखे." तो हो म्हणाला. मान हलवून म्हणाला, आणि मग लक्षात आल्यावर तोंडानं.

खाली फाटकाशी दोघं उभी राहिली. त्याच्या हातात बॅग होती, तिच्या खांद्याला पर्स. समोरून शाळेची मुलं गेली, दूधवाल्याची गाडी गेली, कुणाच्या तरी खिडकीतून कुकरची शिट्टी झाली. तिचा एक हात फाटकाच्या गजावर होता. त्यानं आपलं कोपर जरासं पुढे केलं, आणि ते तिला दिसणार नव्हतं म्हणून पुढेच ठेवून उभा राहिला. मग वळणावरून टॅक्सी आली. पांढरी होती, पुढच्या दाराला पोचा होता, टपावर कुणाची तरी जुनी दोरी तशीच राहिली होती. ती हळू झाली, कडेला आली, त्यांच्या पुढ्यात थांबली. ड्रायव्हरनं आतून मागचं दार उघडलं. त्यानं सगळं नीट पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. सायकल नव्हती, काहीच नव्हतं. "गाडी आली गं," तो म्हणाला.

तिनं पाहुण्याच्या बोलण्याला हलवावी तशी मान हलवली. गजावरचा हात काढला नाही. मग इंजिनाच्या आवाजाकडे तोंड करून तिनं हाक मारली, "भाऊ, गाडी आली का हो?"

"आलीये ना ताई," ड्रायव्हर म्हणाला, "ही काय, समोरच आहे. दार उघडलंय. या."

मग तिनं पाऊल उचललं.